काशी नि मधूची ऐका

काशी, तू गेलास हे मला अब्बासनं सांगितलं. दुकानासमोर टेंपो उभा केला, इंजिन चालूच ठेवलं, आणि खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, "मधूभाई, काशी गया." मी विचारलं, "कुठं गेला?" खरंच असंच विचारलं रे. सुईखाली कुणाच्या तरी शाळेच्या शर्टाची कॉलर होती. अब्बासनं इंजिन बंद केलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. तरी माझा पाय मशीनवरून थांबेना. कॉलर पुरी शिवली, दोरा तोडला, कापड घडी करून ठेवलं, आणि मग उठून दुकान बंद केलं.

असं करतात होय रे? सगळं आटोपल्यावर? तू मुंबईतच संपलास, तिथंच तुला जाळलं, तुझी बहीण सुंदराबाय राख घेऊन खालापूरला आली, पाताळगंगेत सोडूनही झाली, आणि मी इथं कर्जतच्या बाजारात बसून तुझ्यावर रुसलेलो. रुसलेलो! तू म्हणाला होतास, "मुंबईला काम लागलंय टेलर, जयंतीला येतो." जयंती आली नि गेली, तू आला नाहीस. मी म्हटलं, साहेबांना मुंबईचं वारं लागलं. येऊ दे एकदा, असा झापतो की बस. काय काय बोलायचं ते मनात जुळवूनसुद्धा ठेवलं होतं. आता ते कुणाला बोलू?

दुसऱ्या दिवशी तुझ्या वाड्यावर गेलो. सुंदराबाय ओट्यावर एकटी बसली होती. भावाचं मरण झालेलं घर, आणि ओट्यावर दुसरं माणूस नाही, हे मी आपल्यात आजवर बघितलं नव्हतं. समोरच्या घरातली बाई मला बघून आत गेली आणि दार लावून घेतलं. अंगणात जाळल्याचा काळा डाग होता. मला वाटलं, पालापाचोळा असेल. बाय म्हणाली, "त्याची कापडं. गादी. पार्टीचं जाकीट बी. वाड्यातली मान्सं आली नि म्हनली, समदं जाळ, न्हाय तर आमी जाळू."

निळं जाकीट, काशी. ते मी शिवलं होतं. सगळ्या गायन पार्टीची जाकिटं मीच शिवली, पण तुझ्यात शिलाईला जास्त माया ठेवली होती. म्हटलं, चाळिशी आली की या बाबाचं पोट सुटणार, तेव्हा उसवून मोठं करता येईल. झालं उलटंच. शेवटी आलास तेव्हा जाकीट खांद्यावरून घसरत होतं. मी टेप लावला, आकडा बघितला, परत लावला. तू म्हणालास, "काय बघतोस? कावीळ झाली होती. टाके आत घे." मी घेतले. तू आरशात बघून म्हणालास, "बघ, नवरदेव दिसतो का नाय?" आणि मी मेल्यानं म्हटलं, "कुठल्या नवरीचा?" तू असा हसलास की खोकला थांबेना. आपलं शेवटचं बोलणं ते. एवढंच.

बाय सांगत होती आणि मी ऐकत होतो, पण ते तुझ्याबद्दल आहे असं मला पटतच नव्हतं. "डागदर म्हनला, नवीन रोग हाय, ह्याच्यावर औशिद नाय. जवळ बसू नका. तिथला मानूस जेवनाचं ताट दारातच ठेवायचा नि पायानं आत सारायचा. पायानं रं, टेलर! कुत्र्याला बी हातानं घालतो आपून. म्या त्याला म्हनलं, ए, तू सरक. आनि घरनं नेलेल्या काशीच्या ताटात समदं वाढून घेतलं नि त्याच्या संगती बसून जेवले. त्याच ताटात. मंग माज्याकडं बी तसंच बघायला लागले. बघा म्हनलं."

ते ताट तिनं नदीत टाकलं नाही. वाड्यानं सांगितलं होतं तरी. राखेनं घासून चुलीमागं लपवून ठेवलंय.

रोगाचं नाव तिनं सांगितलं नाही, तिला ते धड उच्चारता येत नव्हतं. पण मला कळलं. पेपरात आलं होतं, मी दुकानात वाचलंही होतं आणि त्याच कागदावर खडूनं पाटर्न काढून कापला होता. मला वाटायचं, हे सगळं विमानानं जाणाऱ्या लोकांचं. तू तर खोपोलीच्या पलीकडे एसटीनं जायचास. काशी, मला राग येतो. कुणाचा ते कळत नाही. तुझा येतो, मग तुझा येतो म्हणून माझा येतो. आणि भीती वाटते. माझ्या रक्तात काय आहे कुणास ठाऊक. तपासायला जायचंय, अजून पाय उचलत नाही.

मग बायनं विचारलं. इकडंतिकडं बघून, आवाज बारीक करून. "टेलर, तुला म्हाईत असल. शुद्धीत असला का म्हनायचा, कुनाला बोलवू नको. टेलरला तर आजिबात सांगू नको, लय घाबरट हाय, पळत यील. पन ताप चढला का एकच नाव. मधू. मधू आली का, मधू आला का, काय ते धड कळंना. कोन बाई हाय रं ती मधू? म्या मुंबईत बी इचारलं. तिला सांगाया पायजे ना. तिचा बी काय तरी हक असल."

तुझ्या वाड्यात पेटीवाले दगडू मास्तर सोडले तर मला सगळे टेलरच म्हणतात. पहिल्या दिवसापासून तूच तशी सवय लावलीस. माझं नाव तिला कुठून माहीत असणार?

मी म्हटलं, "नाय म्हाईत, बाय."

आता तू वरून खाली बघून हसत असशील तर हस. तुला हवंच होतं ते. आपलं भांडण तेच होतं ना? मी नाव लपवणारा आणि तू ते भर मांडवात ओरडून सांगणारा. आपल्या पार्टीचा कायदाच तसा होता, आणि तो दगडू मास्तरांनीच केलेला: गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात आलंच पाहिजे, आणि नाव गाळून दुसऱ्याचं गाणं गाणारा तो चोर. खोपोलीच्या गाण्याच्या सामन्यात त्या दुसऱ्या पार्टीनं तुझं गाणं नाव काढून म्हटलं, तेव्हा मास्तर पेटी सोडून त्यांच्या स्टेजवर चढले होते, आठवतं? धोतर सुटायला आलं होतं म्हाताऱ्याचं, पण माईक सोडला नाही. "आधी रचणाऱ्याचं नाव घ्या, मग गा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्या कानात म्हणालास, "मास्तरांवर आपला जीव हाय."

आणि मग तू 'एका ताटात' रचलंस. पहिली कडवी ऐकून मास्तर खूश झाले. शिवाशिव गेली पाहिजे, पाणवठा सगळ्यांचा, सगळं कसं चळवळीला धरून. शेवटचं कडवं तू त्यांना आधी ऐकवलंच नाहीस, लबाडा. एकदम मांडवात म्हटलंस,

एका ताटात जेवू, एका तांब्यात पाणी,
काशी नि मधूची ऐका, एकच कहाणी!

ढोलकीवर मी होतो, मलाही हे आधी माहीत नव्हतं. पण ढोलकीवाल्याचे हात मालकाला विचारून थोडेच चालतात! तू 'काशी नि' म्हणालास आणि मी अशी दणकून थाप मारली की पुढचा शब्द तिच्याखाली गेला. लोकांना ऐकू आलं, काशी नि, धडाम, ऐका. मांडव उठल्यावर तू माझी गचांडी धरलीस. "माझं रचलेलं तुडवलंस?" मी म्हटलं, "नाव काढ माझं. लोक विचारतील." तू म्हणालास, "विचारू दे. ढोलकीवाल्याचं नाव गाण्यात आलं तर कुनाचं पोट दुखतंय?" मी म्हटलं, "तुझ्या घरी लग्नाचं कुणी नाय, मला धाकटी बहीण हाय, सुमन, तिचं लगीन व्हायचंय." त्यावर तू गचांडी सोडलीस. पण नाव काढलं नाहीस. त्यानंतर प्रत्येक जयंतीला, प्रत्येक लग्नाच्या मांडवात तू ते नाव घ्यायचास, आणि मी थाप मारायचो. तू कधी नाव लांबवायचास, कधी चोरून लवकर घ्यायचास, मला चकवायला. मी कधी चुकलो नाही. मास्तर म्हणायचे, "शेवटच्या कडव्याला काय थाप देतो रं मधुकर, वा!" तू पाणी पिता पिता ठसकायचास.

पण एक सांगतो, काशी. ज्यांना ऐकायचं त्यांना ऐकू जात होतं. मांडवाच्या कडेला उभी राहणारी ती माणसं. शेलूचा तो दूधवाला, नेरळचे ते गुरुजी, आणि आपला अब्बास. त्यांचं जयंतीशी काय देणंघेणं? पण पार्टी कुठं लागली हे त्यांना बरोबर कळायचं. कुणी कुणाशी बोलायचं नाही, नाव विचारायचं नाही. फक्त मागून फर्माईश यायची, "एका ताटात होऊन जाऊ दे!" आणि ते झालं की पांगायचे. आपल्यासारख्यांना जत्रा नाही, देऊळ नाही, सोयरसुतक नाही. ते एक गाणं होतं. परवा अब्बास म्हणाला, "हमको मालूम था मधूभाई, ढोलकी के नीचे कौन है." इतकी वर्षं! आणि मी समजत होतो, मी लपलोय.

आता दूधवाला गेला. घरच्यांनी टीबी सांगितला. गुरुजी बदली मागून कुठंतरी निघून गेले, कुठं ते कुणाला ठाऊक नाही. आणि तू. ते गाणं कुणी टेप केलं नाही, कुणी कुठं उतरवलं नाही. मी आणि अब्बास उरलो, आणि अब्बासला सूर म्हणजे टेंपोचा हॉर्न.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दोन दिवस आधी मास्तर दुकानात आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मधुकर, पार्टी गाईल. पोरगा आपला व्हता. 'एका ताटात' बी गाऊ, सुंदरानं सांगितलंय. पन शेवटची ओळ नको."

मी म्हटलं, "नाव गाळायचं?"

"रोगाचं नाव झालंय सगळीकडं. वाड्यात पोरीबाळी हायत, सोयरिकी व्हायच्या हायत. उद्या लोक म्हनतील, त्या रोगाची पार्टी."

"मास्तर, नाव गाळणारा चोर, हे कुणी शिकवलं आम्हाला?"

म्हाताऱ्याचे डोळे भरले. खोटं नाही सांगत. टोपी काढली, परत घातली. "म्या शिकवलं," म्हणाले. "पन आत्ता नको. आनि तुज्यासाठी बी सांगतो रं. मी म्हातारा असलो तरी भयरा नाय."

म्हणजे त्यांनाही ऐकू जात होतं! काशी, सगळं गाव ऐकत होतं आणि मी एकटा थाप मारत बसलो होतो. मास्तर म्हणाले, "हितून पुढं तुज्या दुकानात कापड कोन टाकील? सुमनची सासू नेरळात काय म्हनंल?" मी मान हलवली. नको तर नको. खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं.

रविवारी दुपारी विहारात जमलो. पांढरे कपडे, मेणबत्त्या, तुझा तो फोटो, ज्यात तू उगाच मिशीला पीळ देऊन बसलायस. माणसं आली, पण भिंतीला धरून बसली. बायनं चहा केला, कुणी कप उचलला नाही. एकजण म्हणाला, आत्ताच घेऊन आलो. मग दुसराही तेच म्हणाला. ती परत फिरून किटली खाली ठेवताना मी बघितली. भावाच्या मरणानं मोडली नव्हती, तिथं मोडली.

त्रिशरण पंचशील झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं. काशिनाथ कष्टाळू होता. काशिनाथ मनमिळाऊ होता. कंपनीत वेळेवर जायचा. एकानंही म्हटलं नाही की काशिनाथ गाणी रचायचा. मला तर तिथं बसल्या बसल्या वाटायला लागलं की हा कुणी दुसराच काशिनाथ, आपला काशी आत्ता मागून येईल आणि म्हणेल, काय रं टेलर, तोंड का पाडलंय?

मास्तरांनी पेटी ओढली आणि स्वतःच गाणं उचललं. त्यांचा आवाज आता राहिलेला नाही, पण चाल तुझीच. मी वाजवत होतो. पाणवठ्याचं कडवं झालं, ताटाचं आलं. ते 'एका तांब्यात पाणी' म्हणाले आणि ठरल्याप्रमाणे पेटीचा भाता मिटला.

आणि माझा हात वर गेला, काशी. सवयीनं. तुझं 'काशी नि' झालं की माझ्या नावावर पडायला जसा उठायचा तसाच उठला, आणि खाली शब्दच नव्हता. कशावर मारू? सगळे बघत होते. हात तसाच वर. मला एकदम दिसलं की मी आजवर जे झाकत होतो ते तिथं होतं म्हणून झाकत होतो. आता तू नाहीस. मी थाप मारली किंवा नाही मारली, माझं नाव घेणारं जगात कुणी नाही.

मी हात खाली घेतला. ढोलकीवर सपाट ठेवला, वाजू नये म्हणून. आणि म्हटलं. मी! ज्याला तू कधी कोरसमध्येही तोंड उघडू दिलं नाहीस.

काशी नि मधूची ऐका, एकच कहाणी.

सूर कुठल्या कुठे गेला. आवाज फाटला. पण शब्द स्पष्ट होते, दोन्ही नावं स्पष्ट होती. मास्तर खाली बघत होते. भिंतीकडचे दोघं उठून बाहेर गेले. चपला शोधायला त्यांना फार वेळ लागला, तेवढाच आवाज होता. माझ्या मनात आलं, गेलं दुकान. गेली सुमनची सासू.

सुंदराबाय बायकांतून उठली. माझ्या समोर येऊन उभी राहिली. मी मान वर केली नाही.

"टेलर, तुजं नाव काय रं?"

"मधू, बाय."

तिनं तुझ्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, "म्या समद्या मुंबईत इचारत फिरले रं." आणि वळून घराकडं गेली. मला वाटलं, संपलं. मारायला काठी आणते का काय, तेही वाटलं. माणसं एकमेकांकडं बघत होती, उठावं का बसावं ते कुणाला कळेना.

ती परत आली ती ताट घेऊन. तुझं ताट, चुलीमागचं. भात, आमटी, वर वांग्याची भाजी. माझ्यासमोर ठेवलं, ढोलकी बाजूला सारली, आणि सगळ्या वाड्यासमोर पदर खोचून समोर मांडी घालून बसली.

"जेव," म्हणाली. "त्यानं लय वाट बघितली तुजी."

मला घास उचलेना. मग तिनंच त्याच ताटात हात घातला, भात कालवला आणि पहिला घास स्वतः घेतला. मी दुसरा घेतला. दारात अब्बास उभा होता, चपला हातात घेऊन, आत येऊ का नको अशा विचारात. बायनं तोंडात घास असतानाच त्याला हाक मारली, "तू बी ये रं," आणि सरकून जागा केली.